तुमची ताई

कापणी सुरू झाली की माझे हात खाजतात. खरं तर मी आता शेतात उतरत नाही. मुरबाड तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते, खडूच्या धुळीपलीकडे हाताला काही लागत नाही. पण दसरा गेला, ऊन पुन्हा तापायला लागलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळी पडलेली खाचरं दिसू लागली, की कोपरापासून मनगटापर्यंत जुनी कुसळं टोचल्यासारखी खाज सुटते. आईला सांगितलं तर म्हणते, "तुझं काय, नाटक हाय सगळं." असेल.

परवा अशीच एक दुपार होती. शेजारच्या खाचरात भाड्याचं यंत्र घरघरत होतं आणि माझी भाची प्रज्ञा धावत ओटीवर आली. तिने कुठल्याशा नटीच्या व्हिडिओखाली काहीतरी लिहिलं होतं आणि त्या नटीने त्यावर बदाम टाकला होता. "मावशी, तिने स्वतः केलंय! बघ ना!" मी बघितलं. वर व्हिडिओत ती मुलगी गोड हसून सांगत होती, तुमचा प्रत्येक मेसेज मी स्वतः वाचते. मग तिने कुठल्या तरी साबणाची वडी गालाजवळ धरली.

मी म्हटलं, "छान." दुसरं काय म्हणणार? पंधरा वर्षांची पोर आहे, तिचा आनंद खरा होता. पण 'मी स्वतः वाचते' हे वाक्य ऐकलं आणि मला फार थकल्यासारखं झालं. एके काळी हे वाक्य मी लिहीत असे. दिवसातून कितीदा तरी लिहीत असे, आणि त्यातलं गमतीचं सत्य असं की मी ते खरोखरच स्वतः वाचत असे.

दोन हजारच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी एम. ए. होऊन बसले होते, बी. एड.ला नंबर लागत नव्हता. कल्याणला मावसबहिणीच्या खोलीवर राहून नोकरी शोधत होते. ठाण्यात एका लहानशा ऑफिसात 'मराठी चांगलं लिहिणारी मुलगी' हवी होती. तिथे गेल्यावर कळलं, की लिहायचं ते दुसऱ्याच्या नावाने. त्या वेळी एका मालिकेतली मोठी सून घराघरात पोचली होती. सगळं सोसणारी, घर धरून ठेवणारी, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू असलेली. ते काम करणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत. एका केसांच्या तेलाच्या कंपनीने मॅडमना करारात बांधलं होतं. कॉलेजच्या मुलांनी तेव्हा ओळखी जोडायच्या एका साइटवर गर्दी केली होती, आणि कंपनीला वाटलं की आपल्या ग्राहकबायांच्या लेकी-सुना तिथेच आहेत, तेव्हा मॅडमही तिथे हव्यात. मॅडमना कीबोर्डवर बोट ठेवायला वेळ नव्हता. म्हणून मी.

माझ्याकडे उत्तरांची एक फाइल होती. वाढदिवस असेल तर हे, परीक्षा असेल तर ते, आजारपण असेल तर ते तिसरं. प्रत्येक उत्तराच्या खाली एकच सही: तुमची ताई. कौस्तुभ नावाचा माझा वरिष्ठ होता, माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठा, सदा डोकं दुखत असल्यासारखा कपाळ चोळणारा. तो म्हणायचा, "लोकांना उत्तर नको असतं, उत्तर आलं हे हवं असतं." वाईट माणूस नव्हता. मला डबा नसला तर स्वतःची पोळी अर्धी करायचा.

मॅडमना मी समोर एकदाच पाहिलं. त्या तेलाच्या बाटलीबरोबर फोटो काढायला ऑफिसात आल्या होत्या. मेकअप अर्धा पुसलेला, पाय सुजलेले, चपला काढून खुर्चीत बसल्या होत्या. कौस्तुभने माझी ओळख करून दिली तशा हसल्या. "म्हणजे तूच मी होय?" म्हणाल्या. मग जरा थांबून, "काय लिहितात गं बायका?"

मी म्हटलं, "खूप प्रेम करतात तुमच्यावर."

"हो का," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यातर्फे चांगलं बोल हं त्यांच्याशी."

मी चांगलंच बोलत होते. निदान त्या पावसाळ्यापर्यंत तरी मला तसं वाटत होतं.

अलकाचा पहिला मेसेज आला तो आषाढात. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, तेव्हा सगळे असंच लिहीत. "ताई तुमी नेसता त्या साड्या कुठून घेता? आमच्या वैशाखऱ्याला आज घाट दिसत नाय एवढं धुकं हाय." मी फाइलमधलं साडीचं उत्तर उचलायला गेले आणि वैशाखरे या शब्दाशी थांबले. माळशेजच्या पायथ्याचं वैशाखरे. माझं गाव धसई, तिथून लांब नाही. ठाण्याच्या त्या बंद खोलीत, एसीच्या गारठ्यात, माझ्या नाकाला एकदम ओल्या पेंढ्याचा वास आला. फाइल बाजूला ठेवून मी माझ्या मनाने उत्तर लिहिलं. साडीबद्दल दोन शब्द, आणि शेवटी, "भात लावून झालं का?"

हे मॅडमनी विचारण्यासारखं नव्हतं. त्या गिरगावात वाढलेल्या. पण मला राहवलं नाही.

मग ती लिहीत राहिली. मुरबाडला स्टँडसमोर एक झेरॉक्सचं दुकान होतं, वरच्या मजल्यावर दोन कॉम्प्युटर होते. त्यावर ती अर्ज टाइप करायची, दाखले काढून द्यायची. गिऱ्हाईक नसलं की मॅडमना लिहायची. आणि मी मॅडम होऊन तिला लिहायची. तिची म्हैस व्याली, मी खरवसाची चौकशी केली. तिच्या ओढ्याला पूर आला, गाडी टोकावड्यालाच थांबली, दोन दिवस ती दुकानात गेली नाही, तेव्हा मला इथे चुकल्याचुकल्यासारखं झालं. श्रावणात तिने विचारलं, ताई तुमी शेवळाची भाजी खाल्ली हाय का कवा? मी लिहिलं, आता संपली, ती रानभाजी पावसाच्या तोंडाशी येते, आणि त्यात काकड्याची आंबट फळं टाकल्याशिवाय घसा खाजतो. लिहिलं आणि मीच हसले. कुठली नटी शेवळाला काकडा लागतो हे सांगणार होती?

हळूहळू तिचं तिने सांगितलं. होळीपासून ती माहेरी होती. सासर शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढच्या एका वाडीवर. नवरा हात उचलायचा. एकदा कानशिलात असा मारला की आठ दिवस त्या कानाने ऐकू येत नव्हतं. हे ती फार साधेपणाने लिहायची, म्हशीचं लिहायची तसंच. मी फाइलमधलं 'संसार' या मथळ्याखालचं उत्तर तिला कधी पाठवलं नाही. मी तिला लिहायची, दुकान सोडू नकोस. टायपिंगची परीक्षा दे. खाली तुमची ताई.

मला वाटतं, त्या दिवसांत मी जरा फुशारलेही होते. एवढ्या मोठ्या नावाच्या आड बसून एका बाईला बळ देते आहे, असं काहीतरी. आता आठवलं की शरम वाटते, पण तेव्हा वाटत होतं हे खरं.

नवरात्र संपत आलं होतं तेव्हा तो मेसेज आला. मला तो शब्दन् शब्द आठवतो. "ताई ते न्यायला आलेत. कापणीला माणूस नाय म्हणून आलेत. बाबा म्हणतात जा. आई काय बोलत नाय. मी बाबांना बोलले मी ताईला इचारते. बाबा तुमची मालिका रोज बघतात. ते बोलले इचार, ती बोलंल तसं करू. ताई जाऊ का नको?"

मी लगेच लिहिलं, "जाऊ नकोस." दोनच शब्द. त्याखाली सही टाइप केली. पण अशा गोष्टी कौस्तुभला दाखवून मगच पाठवायच्या, हा नियम होता. मी दाखवलं.

त्याने कपाळ चोळलं. "हे नाही जाणार."

"का?"

"उद्या तो नवरा पेपरात गेला, मॅडमनी माझं घर मोडलं म्हणून, तर काय करायचं? आणि पुढच्या आठवड्यात कंपनीची जाहिरात सुरू होतेय. घर जपणारे हात. त्याच आठवड्यात मॅडम एका बाईला सांगणार, सासरी जाऊ नको?"

"सर, तो मारतो तिला."

"मला कळतंय." तो खरंच खजील झाला होता. "पण ती मॅडमला विचारतेय. तुला नाही. फाइलमधलं टाक."

मी जागेवर येऊन बसले. मग फाइल उघडून 'संसार'खालचं उत्तर उचललं. घर जपणाऱ्या हातांत मोठी ताकद असते. धीर सोडू नका. सगळं ठीक होईल. तुमची ताई. आणि पाठवून दिलं. माझा हात कोणी धरला नव्हता. मी ते न पाठवताही उठू शकले असते, उत्तर राहून गेलं म्हणून सांगू शकले असते. मी पाठवलं. मग पुढच्या बाईला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

त्यानंतर अलकाचं काही आलं नाही.

आज ज्या गोष्टीला लोक 'फॅन्सशी नातं' म्हणतात त्याबद्दल मोठमोठ्या सभागृहांत भाषणं होतात म्हणे. आमच्या वेळी एक तरी जिवंत माणूस मध्ये बसलेला असायचा. आता तोही लागत नाही असं ऐकते, उत्तरं आपोआप जातात. कधी वाटतं बरंच झालं, निदान कोणाचे हात त्यात बरबटत नाहीत. पण मग पलीकडून लिहिणाऱ्या बाईचा विचार येतो. ती तर अजून जिवंतच आहे ना?

तीन आठवडे मी रोज सकाळी आधी तिचं नाव शोधायचे. मग कापणीसाठी चार दिवसांची रजा काढून धसईला आले. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मास्तरकी संपून दोन वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. आईबरोबर कापायला मी आणि वाड्यातल्या दोघी. पहिल्या दिवशी परतीचा पाऊस अर्धा तास येऊन गेला आणि कापून पसरलेलं भात भिजलं. आई आभाळाकडे बघून बडबडली आणि पुन्हा वाकली. मी विळा चालवत होते, पण लक्ष नव्हतं. बोट कापलं.

"कुठं हाय गो तुझं ध्यान?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडची गाडी धरली.

झेरॉक्सचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर मालकीणबाई एकट्याच बसल्या होत्या, एका बोटाने टाइप करत. अलका आहे का विचारलं तर त्यांनी चष्मा काढला. "ती गेली सासरी. त्या टीव्हीवालीने सांगितलं म्हणे. हितंच प्रिंट काढली तिने, बापाला दाखवायला नेली. मी बोलले, कशाला दाखवतेस, फाडून टाक. तर बोलली, नाय काकू, मी बाबांना शब्द दिलाय." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तू कोण तिची?"

"ओळखीची," म्हटलं. त्यांनी वाडीचं नाव सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी शेणव्याला जीपने उतरले आणि विचारत विचारत वाडीवर गेले. बारा वाजून गेले असतील. ऊन असं की पायाखालची ढेकळं चटके देत होती. उतारावर ओळीने खाचरं, त्यांत सातआठ माणसं वाकलेली. बांधावर बसलेल्या म्हातारीला म्हटलं, मी मुरबाडहून आले, अलकाच्या टायपिंगच्या परीक्षेचं विचारायला. म्हातारीने हाक मारली, "अलके! तुला कोण बाय आलीया."

ओळीतून एक बाई उभी राहिली. बारीक, सावळी, डोक्याला फडकं, साडीवरून पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट. कापणीला सगळ्याच बाया घालतात तसा शर्ट, त्यामुळे तिच्या हातांवर काही होतं की नाही ते मला दिसलं नाही. आम्ही करंजाच्या झाडाखाली मडक्यापाशी गेलो. तिने मला आधी पाणी दिलं.

मी म्हटलं, "अलका, मी ठाण्याला मॅडमच्या ऑफिसात असते. तुला जी उत्तरं यायची ना, ती मी लिहायचे."

ती तांब्या विसळत होती. विसळून झाल्यावर तिने तो मडक्यावर उपडा ठेवला.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मॅडम नाय लिवत ते. मॅडमला येळ कुठला? आन मॅडम इचारंल का, भात लावून झालं का म्हणून? शेवळात काकडा टाका म्हणून सांगंल?" ती जराशी हसली. "मी काकूला बोललेली पण. बोलले, कोणतरी आपल्याकडची पोरगी हाय बसलेली तिकडं. चांगली हाय."

ती लांब, कापणाऱ्यांकडे बघत होती.

"म्हणून तर इचारलं गो," ती म्हणाली. "मॅडमला नव्हतं इचारलं मी. तुलाच इचारलं व्हतं."

मी रडायला लागले. ती रडली नाही. म्हातारी बघत होती म्हणून तिने माझ्या आडवी उभी राहून मला झाकलं. एवढं मात्र केलं.

"मी 'जाऊ नकोस' लिहिलं होतं," मी म्हटलं. "पाठवू दिलं नाही."

"मग दुसरं कोणी पाठवलं?"

"मीच."

तिने मान हलवली, जणू एखादा अर्ज तपासून बाजूला ठेवावा तशी.

"मारतो का?" मी विचारलं.

"आता नाय. कापणी हाय ना. कापणीत हात लागतात सगळ्यांचे." मग डोक्याचं फडकं सोडत, "झोडणी संपली का बघायचं."

मी म्हटलं, "चल. आत्ता चल माझ्याबरोबर."

"कुठं? तुझ्या हापिसात?" त्यात टोमणा नव्हता. ती खरोखर विचारत होती आणि माझ्याकडे जागा नव्हती. कल्याणची खोली मावसबहिणीची, धसईला दादा आणि आई. मग तीच म्हणाली, "माझ्या बाबांकडं जा. त्यांना सांग मॅडम नाय बोलली ते. तू बोललीस. एवढंच कर." आणि डोक्याचं फडकं नीट बांधत ती ओळीत परत गेली. जाताना म्हातारीला मोठ्याने म्हणाली, "परीक्षा पुढं ढकलली म्हंत्यात."

वैशाखऱ्याला मी चौथ्या दिवशी सकाळी पोचले. त्याच संध्याकाळी मला कल्याण गाठायचं होतं. घर रस्त्यापासून आत, मागे घाटाची भिंत उभी. खळ्यावर अलकाचे वडील भात झोडत होते. लाकडी फळीवर पेंडी आपटायची, दाणे खाली, पेंढा बाजूला. धूळ उडत होती. तिची आई सुपाने वारं घालत होती. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी आडनावावरून घर ओळखलं, वाकळ टाकून बसायला दिलं. चहा झाला. मग मी सांगितलं.

त्यांना आधी कळलंच नाही. दोनदा सांगावं लागलं. तेव्हा ते उठून आत गेले आणि देव्हाऱ्यामागून घडी घातलेला कागद घेऊन आले. "हे बघ. हितं नाव हाय. ताई. मॅडमचा फोटो पण हाय वर."

"फोटो त्यांचा आहे, काका. लिहिलंय मी."

"तू?"

"मी टाइप केलं. मॅडमनी तुमच्या अलकाचं नावसुद्धा ऐकलेलं नाही."

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. तो साठीचा माणूस तसाच उभा राहिला, अंगभर भाताची धूळ, कागद दोन्ही हातांत. मला वाटलं आता शिव्या देतील. ते म्हणाले, "म्हंजे मी पोरीला कोणाच्या बोलण्यावर धाडली?"

घाटातून एक ट्रक खाली उतरत होता, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"मालिकेतली ती बाय एवढं सोसते रोज," ते माझ्याकडे नव्हे, खळ्याकडे बघून सांगत होते. "मी बघतो ना. सासू छळते, दीर छळतो, ही हसते. मला वाटलं, हिला कळत असंल कवा जावं आन कवा नाय."

तेव्हा इतका वेळ सूप हलवणारी अलकाची आई थांबली. तिने सूप खाली ठेवलं. "मला कळत व्हतं," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी तिची आय हाय. तुमी टीव्हीतल्या बाईला इचारलं. मला इचारलंच नाय कोणी."

"तू तवा काय बोलली नाय—"

"इचारलं नाय म्हणून बोलले नाय. आता पण नका इचारू. उद्या पयल्या गाडीने मी जाते आन तिला घेऊन येते. ऱ्हायलेलं भात तुमी झोडा."

फळीपाशी जाऊन त्यांनी पुढची पेंडी उचलली. ती बाई माझ्याकडे वळली तेव्हा मला वाटलं ती काही मायेचं बोलेल. ती म्हणाली, "तू पण जा आता. तुझी गाडी जाईल."

अलकाची आई दुसऱ्या दिवशी खरंच गेली. झेरॉक्सच्या मालकीणबाईंकडून मला ते नंतर कळलं. वाडीवर मोठा तमाशा झाला, नवरा आडवा आला, शेजारपाजार गोळा झाला. ती ओटीवर बसून राहिली. तिथलं पाणीही प्यायली नाही. संध्याकाळी अलका आपली पिशवी घेऊन बाहेर आली. नवऱ्याने पुढे दोन वर्षं नोटिसा पाठवल्या, मग दुसरं लग्न केलं. अलका टायपिंगची परीक्षा पास झाली.

आणि मी? मी सोमवारी ऑफिसात गेले. मला इथे लिहायला आवडलं असतं की मी राजीनामा दिला, कौस्तुभच्या टेबलावर फाइल आपटली. तसं काही झालं नाही. मी कॉम्प्युटर चालू केला आणि एका मुलीला परीक्षेच्या शुभेच्छा दिल्या. घरी पैसे लागत होते, आणि दुसरं काम नव्हतं. उन्हाळ्यापर्यंत, मालिका संपेपर्यंत मी तिथे होते. एवढं केलं की 'संसार'खालचं उत्तर पुन्हा कोणाला पाठवलं नाही. तसे मेसेज मी न उघडता पुढे सरकवायचे. कौस्तुभच्या लक्षात आलं होतं. तो काही बोलला नाही. अशा बायका किती होत्या ते मी मोजलं नाही, आणि त्यांनी नंतर कोणाला विचारलं असेल तेही मला माहीत नाही. मालिका संपल्यावर तेलाच्या कंपनीने दुसरी सून शोधली. पुढे काही वर्षांनी ती साइटच बंद पडली. अलकाचा घाट, म्हैस, पूर, सगळं त्यात गेलं.

मॅडम अजून कधीमधी टीव्हीवर दिसतात, आता सासूच्या कामात. मला त्यांचा राग येत नाही. कौस्तुभचाही येत नाही. राग यायला अंगात जोर लागतो. मला फक्त दर वर्षी या दिवसांत, चार दिवस, कशात मन लागत नाही. वर्गात पत्रलेखन शिकवते तेव्हा मुलं विचारतात, बाई, खाली 'आपला विश्वासू' लिहायचं की 'आपला नम्र'? मी म्हणते, तुमचं खरं नाव नीट वाचता येईल असं लिहा, बाकीचं काहीही चालेल. मार्क जातात त्यांचे.

अलकाला मी त्यानंतर एकदाच भेटले. पाचसहा वर्षं झाली असतील तेव्हा. धसईचा बाजार होता. मी आईला सुकी मासळी घेऊन दिली होती आणि परतीच्या गाडीसाठी उभी होते, आणि रस्त्यापलीकडे ती पोत्यावर बसून भेंडी आणि काकड्या विकत होती. दुकानाला सुट्टी असली की बापाचा माल घेऊन येत असावी. अंगाने भरली होती. केसांत एक पांढरी बट. तिने मला आधी ओळखलं, कारण मी बघितलं तेव्हा ती बघतच होती.

मी रस्ता ओलांडून गेले. इतक्या वर्षांत मनात कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडात येईना. शेवटी म्हटलं, "बरी आहेस ना?"

ती एका बाईला भेंडी तोलून देत होती. तिचं झाल्यावर तिने काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"कोण इचारतंय?" ती म्हणाली. "तू, का तुझं हापिस?"

"मी विचारते."

समोरून मुरबाडची गाडी येऊन लागली होती, कंडक्टर घंटी देत होता. अलकाने शेजारची रिकामी पाटी उलटी केली आणि माझ्या बाजूला सरकवली.

"मग जाऊ दे ती गाडी," ती म्हणाली. "बस. सांगते."